जवळची बाजू

बाकाला कोणीतरी हिरवा रंग दिला होता आणि पाठीला दोरीने पुठ्ठा बांधून त्यावर लिहिलं होतं, रंग ओला आहे. पुठ्ठा खरा की खोटा हे पाहायला त्याने बोट टेकवलं. कुणाच्या शब्दावर विसंबून राहण्याची त्याची जातच नव्हती. बोट हिरवं झालं. मग तो पिशवी, पॅड आणि हिरवं बोट घेऊन थोडा वेळ उभा राहिला. आपल्या पलंगावर पाहुणा झोपलेला दिसावा तसा. सोळा वर्षं तो याच बाकावर बसत आला होता. पत्र्याच्या सावलीत, नळाच्या उजवीकडे, मैदानाच्या मधल्या रेषेच्या बरोबर समोर. बाकीचे बाकही ओलेच होते. मॅच सुरू व्हायला सात मिनिटं उरली होती. म्हणून तो गुडघा सांभाळत गोलच्या जाळ्यामागून वळसा घालून पलीकडे गेला. तिथे सावली नव्हती, बाक नव्हता, मैदान दाबायचा एक दगडी रोलर तेवढा पडला होता. त्यावर रुमाल पसरून तो बसला आणि पॅडवरच्या फॉर्मवर तारीख घातली. उन्हाने डोळे बारीक झाले. पलीकडे त्याचा रिकामा बाक कुणा शहाण्या माणसासारखा सावलीत बसला होता.

नोकरीत असताना तो वजनमापे खात्यात होता. बत्तीस वर्षं दुकानोदुकानी हिंडून त्याने तराजू तपासले, प्रमाण वजनं ठेवली, काटा कुठे थरथरतो ते पाहिलं, पारड्याखाली मेण लावून चिकटवलेला पासंग नखाने खरवडून काढला. दुकानदार चहा विचारायचे, तो नाही म्हणायचा. ते त्याच्या मागे काय म्हणायचे तेही त्याला माहीत होतं आणि त्याचा त्याला थोडा अभिमानच होता. निवृत्त व्हायच्या आधीपासूनच हौशी फुटबॉल संघटनेने त्याला पंचांचं निरीक्षण दिलं होतं. इथे खेळणारे हौशी, पंचही हौशी. दिवसभर कोणी औषधं विकतो, कोणी बस चालवतो, आणि रविवारी काळा शर्ट घालून शिट्टी फुंकतो किंवा रेषेवर झेंडा घेऊन धावतो. एक रेफरी, दोन बाजूंना दोन लाइनमन. वर्षभराच्या गुणांवरून ठरायचं की बाद फेरीत कोण आणि फायनलला कोण. ते गुण हा द्यायचा. शंभरापैकी. मैदानावर त्याला मापसाहेब म्हणत, तेही आपल्याला कळत नाही असा चेहरा त्याने सोळा वर्षं टिकवला होता.

लाइनमन दोघंही त्याच्या ओळखीचे. एक औषधवाला, तिशीतला, देखणा, मागच्या दोन्ही फायनलचा मानकरी, सरासरी एकोणनव्वद. दुसरा ड्रायव्हर. सिटी बसवर नोकरी, दोन महिन्यांनी पन्नाशी पुरी, आणि पन्नाशी झाली की नियमाप्रमाणे यादीतून नाव जातं. सरासरी सत्त्याहत्तर. चौदा वर्षं झेंडा धरून एकही फायनल नाही. याबद्दल मापसाहेबाला कधी वाईट वाटलं नव्हतं. काटा जिथे थांबतो तिथे थांबतो. पण आज रोलरवरून त्याला पहिल्यांदाच औषधवाला जवळून दिसला. म्हणजे त्याचा श्वास ऐकू आला. बॉल वळला की हा पाव सेकंद उशिरा वळतो हे दिसलं. त्याचा बूट रेषेच्या आत पडतो, झेंडा वर नेताना कोपर वाकतं, आणि बाजूच्या बाकावरून कोणी ओरडलं की मान तिकडे जाते. तीन ऑफसाइडपैकी एक सरळसरळ चुकीचा. लिहिता लिहिता शेऱ्याची जागा भरली, त्याने कागद आडवा करून समासात लिहिलं. पलीकडे, पत्र्याच्या सावलीच्या कडेने, ड्रायव्हर धावत होता. काडेपेटीतल्या काडीएवढा. झेंडा वर गेला की सरळ वर, खाली आला की सरळ खाली. त्यात दोष काढावा असं काही नव्हतंच. मॅच संपल्यावर त्याने सवयीने बेरीज केली. औषधवाला एकोणसत्तर. ड्रायव्हर एक्याण्णव. त्याने पुन्हा बेरीज केली, खालून वर. तेच. जिना संपला समजून पाऊल टाकावं आणि आणखी एक पायरी निघावी, तसं त्याला झालं.

घरी येताना बसमध्ये तो खिडकीजवळ बसला आणि बाहेर पाहताना जवळचे खांब कसे अंगावर येऊन फटाफट मागे जातात नि लांबची टेकडी कशी शांत उभी असते, हे लहान मुलासारखं पाहत राहिला. मग स्वतःवर चिडला. एका मॅचवरून काही ठरत नाही. एक माप चुकलं म्हणून तराजू खोटा होत नाही. किमान दहा वेळा ठेवून पाहायचं असतं. घरात शिरला तेव्हा सहा वाजत होते. लेक स्वयंपाकघरात होती. पत्नी गेल्यानंतर लेकच सगळं बघत होती. शाळेत शिकवायची, शाळेतून परस्पर भाजी आणायची, त्याच्या गोळ्यांचे डबे भरायची आणि दरवाजा जरा जोरात लावायची. तो दरवाजा त्याच्या कानात रोज वाजायचा. मुलगा लांबच्या देशात होता. दर रविवारी फोन करायचा, पाच-सात मिनिटं, आवाज स्वच्छ, विचारपूस नेमकी. त्या फोननंतर तो नेहमी लेकीला सांगायचा, बघ, इतका कामात असून विसरत नाही. लेक हं म्हणायची.

त्याने कपाटावरचा पत्र्याचा डबा खाली उतरवायला घेतला, तेव्हा लेक ओले हात पुसत आली आणि स्टूल धरून उभी राहिली. डब्यात सोळा वर्षांचे फॉर्म होते, वर्षवार सुतळीने बांधलेले. त्याने तिला थोडक्यात सांगितलं. फॉर्मवर तो नेहमी आपल्या समोरच्या लाइनमनचं नाव आधी लिहायचा, पलीकडच्याचं नंतर. तेव्हा जवळचा कोण नि लांबचा कोण हे प्रत्येक कागदावर होतंच, फक्त कधी कुणी वाचलं नव्हतं. लेकीने चष्मा आणला, समोर बसली, आणि मुलांची हजेरी घ्यावी तशा आवाजात एकेक आकडा वाचू लागली. तो दोन रकान्यांत लिहीत गेला. या वर्षीच्या बावीस मॅच. जवळच्यांची सरासरी पंचाहत्तर, लांबच्यांची अठ्ठ्याऐंशी. मागच्या वर्षी पुन्हा तेरा गुणांचा फरक. त्याआधी बारा. त्याआधी तेरा. चुका वेड्यावाकड्या असतात. कधी इकडे, कधी तिकडे. हे तसं नव्हतं. एखाद्या पारड्याखाली मेण लावून काहीतरी चिकटवलेलं असावं, इतकं ते नेमकं होतं. आणि ड्रायव्हर, चौदा वर्षांतल्या जवळजवळ प्रत्येक मॅचला, पहिल्या नावाच्या जागी. त्याआधी त्या जागी दुसरंच नाव होतं. एक शिंपी, जो पन्नाशीला यादीतून गेला, एकही फायनल न करता, आणि मागच्या साली वारलाही. लेक शेरेही वाचत होती. जवळच्यांचे शेरे लांबलचक: पाऊल उशिरा, नजर बॉलवर जास्त आणि रेषेवर कमी, डावा मोजा घसरलेला. लांबच्यांच्या पुढे एकच शब्द. उत्तम. उत्तम. समाधानकारक. उत्तम. तिने चष्मा काढला आणि कागद नीट लावत, त्याच्याकडे न पाहता विचारलं,

"मग माझे किती होतात, बाबा?"

तो हसला नाही, कारण ती हसत होती का हे त्याला कळलं नाही. तिने सुतळी बांधली, गाठ मारली आणि आमटी गॅसवर आहे म्हणून उठून गेली. दरवाजा आज वाजला नाही, हे त्याच्या लक्षात आलं. म्हणजे तो वाजू नये असाही लावता येतो आणि ती लावू शकते, असं त्याच्या मनाने लगेच टिपून ठेवलं. आणि मग आपण काय टिपलं हे कळून त्याला आपल्याच मनाची शिसारी आली. फोन वाजला. रविवार होता. मुलाने विचारलं, बरं आहे ना? तो म्हणाला, उत्तम. फोन ठेवल्यावर तो शब्द टेबलावरच्या कागदांमध्ये जाऊन बसला.

त्या रात्री अंथरुणावर नव्हे, तर जेवतानाच त्याला ती ओळ आठवली. सोळा वर्षांपूर्वी संघटनेने जो फॉर्म त्याच्या हातात दिला होता तो दोन पानी होता, गबाळा. त्यात हवामान होतं, प्रेक्षकांची संख्या होती, आणि अगदी शेवटी एक ओळ होती: निरीक्षक कोठे बसला होता. त्या ओळीवर तो मनापासून हसला होता. निरीक्षक कुठे का बसेना! मॅच निरीक्षकाची असते की पंचाची? त्याने फॉर्म छाटून एका पानाचा केला, समितीने टाळ्या वाजवल्या, आणि पुढे कितीतरी वर्षं तो नवख्यांना सांगत असे की एक पान पुरतं, माणसाला काय पाहायचं ते माहीत असलं म्हणजे. घास तोंडात फिरत राहिला. लेक म्हणाली, मीठ कमी आहे का. नाही, तो म्हणाला, बरोबर आहे. तिने चमकून वर पाहिलं. हे वाक्य त्या घरात बहुधा पहिल्यांदाच बोललं गेलं होतं.

फायनलसाठी लाइनमनची गुणवार यादी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत द्यायची होती. सकाळी तो बसडेपोत गेला. ड्रायव्हर पाळीवर निघायच्या आधी आपल्या गाडीच्या पायरीवर बसून आरसा पुसत होता. साहेबांना पाहून उठला, फडकं खिशात घातलं, आणि काहीतरी चुकल्याच्या तयारीने उभा राहिला. मापसाहेबाने येताना वाक्यं जुळवली होती. ती सगळी गळून पडली आणि त्याने पाढा म्हणावा तसे आकडेच सांगितले. पंचाहत्तर, अठ्ठ्याऐंशी, तेरा. ड्रायव्हरने ऐकून घेतलं. आश्चर्य वाटल्याचं त्याच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही, आणि ते न दिसणंच हळूहळू मापसाहेबाच्या अंगावर येऊ लागलं.

ते सगळ्यांना ठाऊक होतं. ड्रायव्हरने ते अगदी सौम्यपणे, बसचा मार्ग सांगावा तसं सांगितलं. कपडे बदलायच्या खोलीत त्या रेषेला साहेबांची बाजू म्हणायचे. नवा कोणी आला की त्याला पहिल्याच रविवारी कळायचं. कोणाला बाद फेरी हवी असायची, कोणाच्या घरी लेकरू जन्मलेलं असायचं आणि एवढ्यात काहीतरी चांगलं व्हावं असं वाटायचं, कोणी नुसताच घाबरट असायचा. ते यायचे आणि म्हणायचे, दादा, आज तुम्ही घ्या ना साहेबांची बाजू. आधी शिंपी घ्यायचा. तो गेल्यावर ती जागा याच्याकडे आली. औषधवाल्याने तर तीन वर्षं पलीकडची बाजू मागितली, आणि वाईट नाही तो पोरगा, दर वेळी आधी पाणी आणून द्यायचा. कोणी सांगितलं कसं नाही मला, असं मापसाहेबाने विचारलं. ड्रायव्हरने आरशात पाहिलं, तिथे रांगेत उभ्या गाड्या दिसत होत्या. तुम्हाला कोण सांगणार, तो म्हणाला, आणि त्यात टोमणा नव्हता, हेच जास्त लागलं.

मग ड्रायव्हर म्हणाला. "साहेब, तुम्ही खोटं कधीच लिहिलं नाही. पाऊल उशिरा पडतं म्हणून लिहिलंत, तर ते पडतच होतं. मी घरी जाऊन अंगणात रेष मारून वळायची सवय केली. बाकीच्यांना नुसते नव्वद मिळाले, मला काय चुकलं ते मिळालं." त्याने फडकं काढून पुन्हा तोच आरसा पुसायला घेतला, जो आता लखलखीत होता. "पण फायनल पाहिजे होती. आता तुम्ही एवढे चालत आलात, तर उगाच नाही कशाला म्हणू. शिंपीमामांनी स्वतःसाठी एक शर्ट शिवला होता, फायनलचा म्हणून. यादीतून जाताना मला देऊन गेले. बायको दर वर्षी सीझन संपत आला की इस्त्री करून ठेवायची. मागच्या वर्षापासून मीच म्हटलं, राहू दे."

घंटा झाली. तो चढला, दार मिटलं, गाडी निघून गेली, आणि मापसाहेब डिझेलच्या वासात उभा राहिला.

दुपारी त्याने संघटनेच्या सचिवाला फोन केला. सचिव दातांचा डॉक्टर होता, त्यामुळे दुसऱ्याचं तोंड उघडं ठेवून स्वतः बोलायची त्याला सवय होती. त्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, एवढंच ना, मग तुमच्या त्या ड्रायव्हरचे तेरा वाढवून टाका, कोण विचारतंय. आणि जुनं काही उकरू नका, ज्यांनी फायनल केल्या त्यांना मी काय सांगू, परत करा म्हणून? सहाच्या आत यादी द्या म्हणजे झालं. मापसाहेब फोन ठेवून बसला. गुपचूप तेरा. किती सोपं होतं. सोळा वर्षं एका पारड्याखाली होतं ते आज दुसऱ्या पारड्याखाली चिकटवायचं, आणि काटा मधोमध. त्याच्या बोटाच्या नखाला अजून हिरवा रंग होता. त्याला एक जुना दुकानदार आठवला, धान्याचा, त्याचा तराजू खरंच बिघडलेला होता आणि त्याला खरंच ठाऊक नव्हतं. कळल्यावर तो माणूस दुकानाच्या पायरीवर बसला आणि म्हणाला होता, आता इतक्या वर्षांची गिऱ्हाइकं मी कुठे शोधू? तेव्हा तरुण मापसाहेबाने नियमाप्रमाणे तराजू उचलला, त्याला चिठ्ठी बांधली, चिठ्ठीवर लिहिलं किती नि कोणत्या बाजूला, सही केली आणि निघून आला. दुकानदाराच्या प्रश्नाचं उत्तर देणं खात्याच्या कामात बसत नव्हतं.

त्याने चिठ्ठीच लिहिली. पूर्ण पानभर, सुवाच्य अक्षरात. निरीक्षक सोळा वर्षे एकाच बाजूला बसला. त्या बाजूच्या लाइनमनला त्याने सरासरी तेरा गुण कमी दिले. दोष लाइनमनचा नाही, निरीक्षकाच्या जागेचा आहे. सोबतच्या यादीत हा फरक उघडपणे धरला आहे. त्याप्रमाणे पहिला ड्रायव्हर, नव्वद. दुसरा औषधवाला, एकोणनव्वद. फॉर्ममध्ये पूर्वी असलेली ओळ परत घालावी. आणि बिघडलेलं माप वापरात ठेवू नये या न्यायाने माझं नाव निरीक्षकांतून काढावं. शेवटची ओळ लिहिताना त्याला वाटलं होतं की कोणीतरी फोन करील, असं कसं, साहेब, म्हणेल. शिंप्याचं नाव कुठे लिहावं हे त्याला कळलं नाही. त्याने ते सहीच्या वर, कुठल्याच वाक्याला न जोडता, नुसतं लिहून ठेवलं. लेकीने कागद आपल्या स्कूटरवरून नेऊन दिला. साडेसहाला सचिवाचा निरोप आला: यादी मिळाली, नियुक्त्या मान्य, आपल्या प्रदीर्घ सेवेबद्दल आभार. राजीनाम्याला त्या निरोपात एक स्वल्पविराम मिळाला होता.

फायनलला तो लेकीबरोबर गेला. ती पहिल्यांदाच येत होती. सोळा वर्षांत त्याने कधी विचारलं नव्हतं आणि तिनेही. बाक वाळला होता. दोघं बसली, आणि त्याच्या मांडीवर पॅड नव्हतं, म्हणून हातांचं काय करावं ते हातांना समजेना. दोन्ही लाइनमन रेफरीशी हात मिळवून वेगळे झाले, आणि ड्रायव्हर, कोणी न सांगता, चौदा वर्षांच्या वाटेने चालत सरळ साहेबांच्या बाजूला आला. बाकाकडे त्याने पाहिलं नाही. शर्ट काळा कुळकुळीत होता, कॉलर जुन्या पद्धतीची, रुंद. आणि बाह्या दोन बोटं आखूड. दुसऱ्याच्या मापाचा शर्ट. गणवेशाला पाच गुण असतात, एक वजा, असं त्याच्या डोक्यात आपोआप लिहिलं गेलं, आणि हात खिशातल्या पेनापर्यंत जाऊन परत आला. पहिल्या अर्ध्यात ड्रायव्हरचं एकदा चुकलं. अर्धं पाऊल मागे होता, झेंडा द्यायला नको होता. मैदानभर हुर्यो झाली. लेकीने विचारलं, चुकलं का त्यांचं? हो, तो म्हणाला. आणि पलीकडच्याचं? त्याने पलीकडे पाहिलं. तिथे काडीएवढा औषधवाला शांतपणे धावत होता, काहीच चुकत नसल्यासारखा.

मध्यंतरात तो उठला. इथे बसायचं नाही, चल, म्हणाला, आणि गोलच्या जाळ्यामागे, जिथून दोन्ही रेषा सारख्या अंतरावर दिसतात, तिथे जाऊन उभा राहिला. गुडघा ठणकत होता. लेकीने त्याच्या कोपराखाली हात घातला. दुसरा अर्धा सुरू झाला. इथून दोघंही सारख्याच उंचीचे दिसत होते, सारख्याच वेगाचे, दोन काळ्या रेघा. काटा मधोमध. त्याने डोळे बारीक करून पाहिलं. गोल झाला, झेंडा उठला की नाही तेही नीट कळलं नाही.

"बाह्या दिसतात का गं इथून?" त्याने विचारलं.

लेकीने कपाळावर हात धरून पाहिलं. "नाही दिसत, बाबा. कोण कुठला तेसुद्धा कळत नाहीये."

तो जाळ्यापासून वळला. मग म्हणाला, चल, परत जाऊ. एवढं चालून आलो ते, ती म्हणाली, त्याच्या चपलांकडे पाहत. आणि तिच्या आवाजात तीच रोजची, दरवाजाची कुरकूर होती. ती त्याला ऐकू आली. डाव्या कानाजवळ, अगदी स्पष्ट. त्याने तिच्या हातावर आपला हात ठेवला, आणि दोघं जाळ्यामागून सावकाश, दर चार पावलांना थांबत, पत्र्याच्या सावलीकडे परतू लागली. जिथून त्या आखूड बाह्या दिसत होत्या.